प्रकल्प नोंदी : यंदा डोळे मी आखणार नाही

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

परवा माघी गणपती झाले, कारखान्यात जरा शांतता आहे म्हणून वही आजच काढली. मागच्या सीझनची वही उघडून बघितली तर शेवटची पंधरा पानं कोरी, कारण शेवटचे तीन आठवडे मी फक्त गणपतींचे डोळे आखत बसलो होतो, लिहायला हात मोकळा होताच कुठे. ११५० मूर्ती, एकीला सरासरी १२ मिनिटं, म्हणजे २३० तास झाले, रोज दहा तास धरले तरी तेवीस दिवस. तेवढे दिवस कारखान्यात बाकी काय चाललंय ते मला माहीत नसतं आणि तरी सगळे येऊन विचारतात मलाच.

आमच्या पेणमध्ये कुठल्याही छोट्या कारखान्यात हेच चित्र आहे. साच्यातून मूर्ती काढायला माणसं मिळतात, रंगाला मिळतात, डोळ्यांची आखणी मात्र मालक करणार. अण्णा म्हणायचे डोळे घरच्यानेच उघडायचे. मी वीस वर्षं तेच केलं. मागच्या वर्षी शेवटच्या आठवड्यात उजव्या हाताचा अंगठा बधिर झाला तरी रबरबँड लावून ब्रश धरला होता, आता आठवलं तरी हसू येतं, तेव्हा मात्र रडू येत होतं.

त्यात यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला, गेल्या साली ७ सप्टेंबरला होती. म्हणजे अकरा दिवस हातातून आत्ताच गेले.

तर काम असं ठरवलंय. माती आणि साचे मामांकडे, बुकिंग आणि डिलिव्हरी पुतण्याकडे, डोळे वहिनींकडे. पुतण्या म्हणाला काका याला डेलिगेशन म्हणतात, आम्हाला कॉलेजात होतं. म्हटलं परीक्षेत किती मार्क पडले होते त्यात? गप्प बसला.

६ फेब्रुवारी

आज एक उद्योग केला. सकाळी आठपासून कोणी काहीही विचारायला आलं की भिंतीवर पेन्सिलने एक रेघ मारायची. संध्याकाळी ४७ रेघा झाल्या. सीझन नसताना!

काय काय विचारलं तेही बाजूला लिहीत होतो. १९ वेळा "हे चालेल का" (हा जोड चालेल का, हा पिवळा चालेल का), ११ वेळा पैसे, ९ वेळा अमुक वस्तू कुठंय किंवा किल्ली द्या, आणि उरलेली ८ खरंच मीच सांगायला हवीत अशी. गोडाऊनची किल्ली माझ्या कमरेला असते, का असते ते आज नीट आठवेना, सात-आठ वर्षांपूर्वी कधीतरी सोनेरी रंगाचे चार डबे कमी भरले होते तेव्हापासून बहुतेक. ज्याच्यावर संशय होता तो माणूस पण कधीच गेला, किल्ली राहिली.

किल्लीच्या तीन कॉप्या करून आणल्या, १२० रुपये.

२० फेब्रुवारी

मामांशी बोललो. मामा अण्णांच्या वेळचे, मला शाळेच्या गणवेशात बघितलेला माणूस, त्यांना "आजपासून हे तुमच्याकडे" म्हणायला मलाच कसंतरी झालं. शाडूची ऑर्डर त्यांनी द्यायची, भावनगरकडून ट्रक कधी मागवायचा ते त्यांनी ठरवायचं, काथ्या, तार, साच्यांची दुरुस्ती सगळं त्यांचं. ५००० रुपयांपर्यंत मला विचारायचं नाही.

मामांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "आणि चुकलं तर?"

म्हटलं चुकलं तर चुकलं.

१४ मार्च, धुळवड

कारखाना बंद. परदेशी जाणारा कच्चा माल, म्हणजे न रंगवलेल्या मूर्ती, मागच्या आठवड्यात गेला, तो दरवर्षी लवकरच निघतो, बोटीला वेळ लागतो. आपला त्यात वाटा थोडासाच, दुसऱ्याच्या कंटेनरमध्ये.

एक गोष्ट लिहून ठेवायला हवी. मामांनी काथ्या नेहमीचा दुकानदार सोडून दुसरीकडून आणला, ४०० रुपये जास्त गेले. मी सगळ्यांसमोर दहा मिनिटं त्यावर बोललो. म्हणजे ओरडलो नाही, पण "आपला माणूस सोडून कशाला गेलात", "मला एक फोन तरी" वगैरे. मामा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दीडशे रुपयांची तार आणायची होती तर येऊन विचारलं, "आणू का?" पाच हजारांची मुभा चारशे रुपयांत संपली. काथ्या चांगला लांब धाग्याचा निघाला हेही नंतर कळलं, ते मी कुणासमोर बोललो नाही, बोलायला हवं होतं.

२२ एप्रिल

साचे झाले. रबराचे दोन नवीन, बाकी जुने दुरुस्त. नऊ इंचीत बैठा, लोडाला टेकलेला आणि बालगणेश, बारा इंचीत चार प्रकार, दीड फुटी तीन, मोठ्यात मोठा तीन फूट. यात मी काहीच केलं नाही आणि काही बिघडलंही नाही. पुढे.

२८ मे

आज लिहायची इच्छा नाहीये पण लिहितो.

पाऊस. मुंबईत परवा २६ तारखेला मान्सून आला, इतक्या लवकर आल्याची आधीची नोंदच नाही म्हणतात. आपल्याकडे दरवर्षी पडवीला ताडपत्री जूनच्या पहिल्या आठवड्यात लागते. मामांनी २० तारखेलाच फोन केला होता, म्हणाले आभाळ बरं दिसत नाही, ताडपत्री आणि बांबूचं आत्ताच करून घेऊ, ७२०० होतात. ७२०० म्हणजे पाच हजारांच्या वर, म्हणून विचारलं. मी दादरला गिऱ्हाइकाच्या दुकानात उभा, एका कानाला फोन, समोर माणूस भाव पाडतोय. म्हटलं मामा जूनला बघू, आत्तापासून कशाला. मी उभा होतो तिथे कडक ऊन होतं.

पडवीत वाळत ठेवलेल्या शाडूच्या २२ मूर्ती गेल्या. वाऱ्याने झड आत आली, ओल चढली, हातांचे जोड सुटले, चार-पाच सोंडा खाली बसल्या. बारा इंची होत्या, साच्यातून काढून पाणी मारून फिनिशिंग झालेल्या. मामांनी आणि दोन पोरांनी रात्री अकराला येऊन बाकीच्या आत हलवल्या, नाहीतर शंभर गेल्या असत्या.

मामा एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. मी नंतर रागाने आधी पोरांवर घसरलो, मग गप्प झालो कारण वहीत २० मेची नोंद माझ्याच अक्षरात आहे: "मामा ताडपत्री ७२००, जूनला सांगितलं."

मुभा ठरवताना मी आकडा ठरवला होता. पाऊस काय आकडा बघून येत नाही. आता मामांना सांगितलंय, माल वाचवायचा खर्च कितीही असो, आधी करा मग सांगा. बाकी खरेदीला ५००० आहेच.

२२ मूर्ती मोडून माती परत भिजवायला घेत होते, वहिनी म्हणाल्या थांबा, तोंडं चांगली आहेत, मला द्या. ठेवल्यात.

१० जून

कालपासून फोन थांबत नाहीये. हायकोर्टाने पीओपीच्या मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जन करायला मात्र नाही. जानेवारीअखेर बंदीची कडक अंमलबजावणी करा असा आदेश आला होता तेव्हा शाडू वाढवली होती, आता अर्धे दुकानदार परत पीओपी मागतायत कारण हलकी, स्वस्त, रंग खुलतो. आपण ठरवलंय तेच करायचं, साठ टक्के शाडू.

फोन पुतण्याकडे दिलेत. त्याला एक पान लिहून दिलं, कोर्टाचं काय आहे ते साध्या शब्दांत, शाडूचा भाव, पीओपीचा भाव, पाच टक्क्यांपर्यंत त्याने सोडायचं, त्याच्या वर "देता येत नाही" एवढंच म्हणायचं, "काकांना विचारून सांगतो" हे वाक्य बंद. ते वाक्य ऐकलं की गिऱ्हाईक लगेच मला फोन करतं आणि मग पोराची काय किंमत राहते. पहिल्याच दिवशी एकाने मला फोन लावला, म्हणाला तुमचा पुतण्या पाचच म्हणतो. मी म्हटलं हो, पाचच. आठ द्यायला जीभ नुसती वळवळत होती.

१९ जून

डोळे.

वहिनी चौदा वर्षं रंगात आहेत. कॉम्प्रेसरने शेडिंग त्यांच्यासारखं आमच्या आळीत कुणाचं नाही, गालाला गुलाबी इतका हलका मारतात की कुठे सुरू झाला कळत नाही. हात स्थिर आहे, नजर आहे. म्हणून मला वाटलं दोन दिवस शेजारी बसवलं की झालं.

आज चौथा दिवस. त्यांनी पावसात गेलेल्या मूर्तींपैकी सहांवर डोळे काढले. रेषा स्वच्छ, पापणीची कड माझ्यापेक्षा बारीक. पण गणपती बघत नाहीये. मी म्हटलं वहिनी, बरोबर दिसत नाही.

"कुठं?"

"म्हणजे... भाव येत नाहीये."

"भावोजी, भाव कुठल्या रेषेत असतो ते सांगा, मी ती रेषा काढते."

मला सांगता येईना. वीस वर्षं करतोय आणि सांगता येत नाही. मग मी नेहमीसारखा ब्रश हातात घेतला, "असं बघा" म्हणून करून दाखवलं. त्या म्हणाल्या हे तर चार दिवस बघतेच आहे. चिडल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या.

२४ जून

पुतण्याने काल माझा मोबाईल स्टँडला लावून मी डोळे आखताना तीन मूर्तींचा व्हिडिओ काढला, रात्री वहिनी, मी आणि तो असे बसून बघितला. स्वतःला काम करताना बघणं फार विचित्र प्रकार आहे, मी जीभ बाहेर काढतो हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

पण बाकी जे दिसलं ते असं.

एक, पांढरा भरून झाला की मी मूर्ती पाटासकट उचलून वरच्या फळीवर ठेवतो आणि स्वतः खाली जमिनीवर बसतो. मला वाटायचं मी पाठ मोकळी करायला बसतो! पण तिथून मी मूर्तीकडे बघतो आणि मग उठून पेन्सिलने दोन ठिपके देतो. घरात गणपती मखरात वर असतो, माणूस खाली पाटावर बसलेला असतो, नजर तिथे पडली पाहिजे. वहिनी टेबलावर समोरासमोर ठेवून आखत होत्या म्हणून त्यांचे गणपती डोक्यावरून पलीकडे बघत होते. एवढंच होतं ते "भाव".

दोन, बुबुळ पूर्ण गोल मी कधीच दाखवत नाही, वरचा थोडा भाग पापणीखाली जातो. पूर्ण गोल दिसलं की गणपती दचकल्यासारखा दिसतो.

तीन, एक डोळा पुरा करून दुसरा घेत नाही. दोन्हीचा पांढरा, मग दोन्ही ठिपके, मग दोन्ही बुबुळं, मग वरची कड, शेवटी चमकेचा पांढरा ठिपका दोन्हीला एकाच बाजूला. आणि करंगळी मूर्तीच्या गालावर टेकलेली असते, म्हणून रंग सुकलेला असायला हवा, म्हणून मी शेडिंगनंतर एक रात्र थांबा म्हणतो. रात्र थांबा हे सगळ्यांना सांगितलेलं होतं, कशासाठी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यामुळे घाई झाली की पहिली ती रात्रच कापली जायची आणि मग मी बोंबलायचो.

वहिनींनी हे सगळं फळीच्या बाजूला खडूने लिहून ठेवलं. अण्णा संध्याकाळी येऊन वाचून गेले, म्हणाले आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. म्हटलं अण्णा, मी दहा वर्षं मार खाऊन शिकलो तुमच्याकडे. हसले.

६ जुलै, आषाढी

बावीसच्या बावीस मूर्तींचे डोळे तीनदा पुसून तीनदा काढून झाले. शेवटच्या फेरीतल्या आठ मी आणि अण्णांनी रांगेत ठेवून बघितल्या, मधे दोन माझ्या घुसवल्या होत्या. अण्णांनी माझी एक ओळखली, दुसरी म्हणून वहिनींची दाखवली. उपासाचा दिवस, साबुदाण्याची खिचडी पोटात, दोघंही काही बोललो नाही. उद्यापासून खऱ्या मूर्ती.

१३ जुलै

घाण केली.

काल रात्री जेवून कारखान्यात गेलो, असंच, दिवा लावला. वहिनींनी दिवसभरात केलेल्या १८ मूर्ती फळीवर होत्या. बघता बघता एकीची पापणी मला जरा जाड वाटली. ब्रश घेतला. मग शेजारची. असं करत सहा मूर्ती झाल्या, बारा वाजले. इतकं बरं वाटलं सांगू, दारुड्याला घोट मिळाल्यासारखं.

सकाळी वहिनी आल्या, फळीसमोर उभ्या राहिल्या, एक मिनिट लागलं असेल त्यांना. सहाच्या सहा उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. ब्रश पाण्यात धुतला, फडक्याला पुसला, तोही ठेवला. "मग तुम्हीच करा ना भावोजी, मला शेडिंग आहे भरपूर." आणि कॉम्प्रेसर चालू केला.

दुपारपर्यंत कारखान्यात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मामा एकदा येऊन मूर्ती बघून गेले, नुसतं "हं" म्हणाले.

संध्याकाळी वहिनींच्या घरी गेलो, चहा पुढे आला, मी म्हटलं चुकलं. त्या म्हणाल्या चुकल्याचं काही नाही हो, पण त्या सहात माझी चूक होती का तुमची सवय होती ते सांगा. खरं सांगायचं तर दोन जाड होत्या, चार चांगल्या होत्या. तेच सांगितलं. त्यावर त्यांनी एक अट घातली, त्यांनी केलेल्या मूर्तीला मी ब्रश लावायचा नाही, काही दिसलं तर पाटाच्या खालच्या बाजूला खडूने फुली मारायची, काय दिसलं ते सकाळी सांगायचं, दुरुस्त त्या करतील नाहीतर का नाही ते सांगतील. आणि रात्री नऊनंतर कारखान्यात यायचं नाही. माझ्याच कारखान्यात! मान्य केलं.

निघताना दारात म्हणाल्या, "आणि डोळ्यांचे वेगळे काय देणार?"

खरंच, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. म्हणजे काम द्यायचं ठरवलं, शिकवायचं ठरवलं, पैसे तेच, ६५० रोज. मला वाटत होतं मान देतोय तोच खूप झाला.

१५ जुलै

दर ठरला. रोज तसाच राहील, वर डोळ्यांचे नऊ आणि बारा इंचीला २५ रुपये, दीड फुटाला ४०, तीन फुटीला ८०. आकडे त्यांनी सांगितले, मी एकच कमी करून बघितला, झाला नाही.

२६ जुलै

कालपासून श्रावण. परवा कोर्टाचं परत आलं, सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावात, त्याच्या वरच्या समुद्रात वगैरे, हे मार्चपर्यंत. आपलं सगळं तीन फुटांच्या आत. पुतण्याने स्वतःच ते पान बदलून घेतलं आणि मला वाचायला आणून दिलं, एक ओळ सोडून सगळं बरोबर होतं. खडूच्या फुल्या या आठवड्यात ९, त्यातल्या ३ वहिनींनी दुरुस्त केल्या, ६ ला "हे असंच चांगलंय" म्हणाल्या. सहांतल्या दोन अजूनही मला पटलेल्या नाहीत.

भिंतीवर परत एकदा रेघा मारून बघितल्या, २१. निम्म्याहून खाली, तेही भर सीझनला. "चालेल का" अजून सात.

५ ऑगस्ट

गिरगावातलं एक घराणं, अण्णांच्या वेळेपासून आपल्याकडून दीड फुटी नेतं. आजोबा स्वतः आले, ऐंशीच्या घरातले, काठी टेकत. मूर्ती बघितली, आवडली. मग म्हणाले, डोळे तुमच्याच हातचे ना?

सांगतो, हो म्हणणं फार सोपं होतं. वहिनी दहा फुटांवर बसलेल्या, कॉम्प्रेसर बंद झाला तेवढ्यात. मी म्हटलं नाही, या आमच्या वहिनी, यांच्या हातचे आहेत. आजोबांनी परत मूर्तीकडे बघितलं. मग मला वाटलं आता म्हणतील छान आहे, पण तसं काही झालं नाही. म्हणाले, मला मात्र तुमच्या हातचे हवेत, आमच्याकडे तसंच आहे.

वहिनी म्हणाल्या द्या ना करून भावोजी, मूर्ती दुसरी काढू.

अशी एकूण १४ घरं निघाली. त्यांची यादी केली, ते डोळे मी आखणार, त्यांना तसं सांगितलंय. सगळं सोडलंच पाहिजे असं कुणी म्हटलंय? चौदा मूर्ती म्हणजे तीन तासांपेक्षा कमी काम, तेवढी माझी हौस भागते.

१२ ऑगस्ट

वहिनींनी मला न विचारता हिरे लावणाऱ्या मुलींपैकी एकीला नऊ इंचीच्या डोळ्यांवर बसवलंय. मला आज कळलं, ती शंभरच्या वर मूर्ती करून बसलीय! आधी धस्स झालं. मग फळीवर जाऊन बघितलं आणि कुठल्या कुणाच्या ते मला सांगता आलं नाही, म्हणून खडू खिशात ठेवून परत आलो.

तिचे पैसे वहिनी त्यांच्या २५ मधून देतायत की मी वेगळे द्यायचे, हे बोलायचं राहिलंय. बोलून घेणे.

२० ऑगस्ट

तीन दिवस तुफान पाऊस. पुतण्याने सोमवारच्या दोन टेम्पोंच्या डिलिव्हरी रविवारी रात्रीच फोन करकरून पुढे ढकलल्या, हवामान खात्याचा इशारा बघून. मुंबईचे दोन दुकानदार त्याच्यावर चिडले, एकाने मला फोन करून बरंच सुनावलं. सोमवारी दुपारी त्याच दुकानदाराच्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं, त्यानेच फोटो पाठवला. सॉरी वगैरे नाही, नुसता फोटो.

मामांनी लाईट जाणार हे धरून जनरेटर भाड्याने आणला, आधी आणला मग सांगितलं. ४५०० होते, म्हणजे तसेही विचारायची गरज नव्हती, पण मला बरं वाटलं की त्यांनी सांगताना माझ्या तोंडाकडे बघितलं नाही.

२४ ऑगस्ट

पुतण्याने एकच बालगणेश दोघांना बुक केला. एक चिठ्ठी वहीत, एक मोबाईलमध्ये. दोन्ही गिऱ्हाइकं एका वेळी दारात, एका बाईंचा मुलगा त्या मूर्तीला हात लावून उभा, सोडायला तयार नाही. मी समोरच्या ओट्यावर चहा पीत होतो. उठणार होतो, अण्णांनी माझा सदरा मागून धरला. अक्षरशः धरला.

पुतण्याने दुसऱ्या माणसाला बारा इंची बैठा दिला, त्याच भावात, वर घरी पोचवायचं कबूल केलं. १८०० चा फटका. माणूस खुश होऊन गेला. मी असतो तर आधी अर्धा तास चिठ्ठी कुणाची आधीची यावर वाद घातला असता, मग हेच केलं असतं. रात्री त्याने स्वतः येऊन सांगितलं, चिठ्ठ्यांची वही बंद करतो, सगळं एकाच जागी. म्हटलं बंद तू कर, पण १८०० कुठल्या खात्यात टाकायचे ते पण तूच ठरव. "शिकवणी फी" म्हणून लिहिलेत त्याने.

२७ ऑगस्ट, चतुर्थी

काल रात्री साडेनऊला शेवटची मूर्ती गेली. हरतालिकेच्या रात्री मी दहाला झोपलो, असं लग्नानंतर पहिल्यांदा, बायको दोनदा येऊन कपाळाला हात लावून बघून गेली.

घरचा गणपती यंदा वहिनींच्या हातचा. पूजेला पाटावर बसलो तर नजर बरोबर माझ्यावर, जरा डावीकडे सरकलो तरी माझ्यावरच. अण्णा मागे खुर्चीत. म्हणाले, डावी पापणी जरा जाड आहे.

म्हटलं अण्णा, फुली मारू का?

१० सप्टेंबर

हिशोब. ११२८ मूर्ती गेल्या (२२ पावसात). डोळे: वहिनी ८०४, ती मुलगी ३१०, मी १४. आखणीचे म्हणून वेगळे गेले ३१ हजारांच्या थोडे वर, मुलीचे वहिनींच्या खात्यातून न कापता वेगळे दिले, नाहीतर उद्या त्या दुसऱ्या कुणाला शिकवतील कशाला. मला मिळालेले तेवीस दिवस कुठे गेले याचा हिशोब मात्र लागत नाही. दादरला पाच फेऱ्या झाल्या, दोन नवीन दुकानं मिळाली, थकलेली जुनी उधारी ८४ हजार वसूल झाली, बाकी बरेच दिवस नुसताच फिरत होतो कारखान्यात, लोकांना त्रास.

तक्रारी सात आल्या. डोळ्यांबद्दल एकही नाही, त्यातली एक मी रंगवायला सांगितलेल्या धोतराच्या रंगाबद्दल आहे.

पुढच्या वर्षी चतुर्थी १४ सप्टेंबरला, अधिक महिना आहे मधे. मामा म्हणतायत ते यंदा थांबणार, गुडघे गेलेत, साच्याचं काम कुणाला द्यायचं ते बघ. मी म्हटलं तुम्हीच बघा आणि मला सांगा. म्हणाले दोन पोरं आहेत डोक्यात, पण एकाचा रोज वाढवावा लागेल.

किती, ते उद्या बोलायचंय. ताडपत्र्या धुवून वाळत घातल्यात, संध्याकाळी आत घ्यायच्या.